एमआरआय 'नॉर्मल' आला, मग दादाच्या आजाराचे काय? (छिन्नमनस्कता आणि मेंदूच्या प्रतिमा)

अबोलीची_वेणी

नमस्कार. मी इथे बरीच वर्षे केवळ वाचक आहे. हा माझा पहिलाच धागा असल्यामुळे काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझा दादा चौतीस वर्षांचा आहे. नऊ वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू येऊ लागले. फोंडा तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर त्या दिवसांत लोक त्याला 'पिसो' (वेडा) म्हणत. पहिले दीड वर्ष देवळात कौल घेण्यात आणि सांगितलेले विधी पार पाडण्यात गेले, हे मी लपवत नाही. पुढे बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात दाखवले, छिन्नमनस्कता (स्किझोफ्रेनिया) असे निदान झाले आणि गोळ्या सुरू झाल्या. आवाज पूर्ण थांबले नसले तरी गेली चार वर्षे दादा काकांच्या दुकानाचा हिशेब नीट सांभाळतो.

या उन्हाळ्यात एका नातेवाइकाने एका खासगी तपासणी केंद्राचे पत्रक आणून दिले. 'मेंदूचे संपूर्ण मॅपिंग, मानसिक आजाराचे मूळ शोधा' असे त्यावर छापले होते. दादाच्या डॉक्टरांनी सध्या अशा तपासणीची गरज नाही असे सांगूनही आईच्या समाधानासाठी आम्ही गेलो आणि चांगलीच रक्कम मोजली. अंगावर काहीही ठेवता येत नाही म्हटल्यावर दादा आजीने दंडाला बांधलेला ताईत काढायला तयार होईना. शेवटी तो मी माझ्या मनगटावर बांधला, तेव्हा तो आत गेला. बाहेर आल्यावर त्याने एकच वाक्य सांगितले, "आत असताना ते बोलत नव्हते, यंत्रच बोलत होते."

अहवालात दोन ओळी होत्या आणि त्यांचा अर्थ 'लक्षणीय दोष आढळला नाही' असा होता. आत्याने तो कागद हातात घेऊन सोप्यावरच म्हटले, "नॉर्मल आसा मगो! मागीर हें सगळें सोंग?" दादा तिथेच बसला होता. पुढचे दोन दिवस त्याने गोळी घेतली नाही, कारण कागदावर आजार नसेल तर गोळी कशासाठी, हा त्याचा प्रश्न होता आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही.

मी वाचले आहे की छिन्नमनस्कतेत मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या मोठ्या होतात आणि करडे द्रव्य (मेंदूतील पेशींचा दाट थर) पातळ होते. हे खरे असेल तर दादाच्या चित्रात ते का दिसले नाही? आणि चित्रात दिसतच नसेल, तर जगभर एवढे संशोधन कशासाठी चालले आहे? जाणकारांनी कृपया समजेल अशा भाषेत लिहावे.

चुंबकाच्या_खोलीत

अबोलीताई, मी एमआरआय तंत्रज्ञ म्हणून बावीस वर्षे काम केले आहे. आजाराविषयी डॉक्टर सांगतील, पण तुमच्या हातातला कागद कसा तयार झाला ते मी सांगू शकतो.

नेहमीच्या तपासणीत आम्ही मेंदूच्या जाड चकत्यांचे फोटो घेतो आणि क्ष-किरणतज्ज्ञ ते डोळ्यांनी पाहतात. गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, सूज आहे का, जुना मार आहे का, पोकळ्या वयाच्या मानाने ढोबळपणे ठीक आहेत का, एवढाच तो शोध असतो. तुम्ही वाचलेल्या संशोधनात मात्र साधारण एक मिलिमीटर जाडीच्या चकत्या घेतात आणि संगणक प्रत्येक भागाचे आकारमान घनमिलिमीटरमध्ये मोजतो. तिथे आढळणारा फरक सरासरीने काही थोड्या टक्क्यांचा असतो आणि तो कितीही अनुभवी डोळ्याला दिसत नाही. तेव्हा तुमच्या कागदातील 'नॉर्मल' म्हणजे 'दुसरे काही सापडले नाही' इतकेच. मनाचा आजार नाही, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही आणि लिहिता येतही नाही. त्या पत्रकाविषयी मी एवढेच म्हणेन की 'मूळ शोधा' हे शब्द छापणाऱ्याने माझ्यासारख्या कोणाला विचारले नव्हते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. डोके पिंजऱ्यासारख्या चौकटीत असते, ठकठक कानठळ्या बसवते आणि एकेक फेरी चार-पाच मिनिटे चालते. घाबरलेला माणूस गिळतो, सुस्कारा सोडतो, मान जरा सैल करतो. तेवढ्या हालचालीनेही चित्र किंचित धूसर होते, आणि धूसर चित्र मोजले की करडे द्रव्य प्रत्यक्षात आहे त्याहून कमी भरते. रुग्ण हा निरोगी स्वयंसेवकापेक्षा सरासरीने जास्त हलतो. त्यामुळे जुन्या अभ्यासांतला काही 'पातळपणा' आजाराचा किती आणि हलण्याचा किती, हा प्रश्न संशोधकांनाही पुढे सोडवावा लागला.

मानकुराद_आणि_सरासरी

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे 'सगळ्यांत दिसते, मग दादात का नाही' या प्रश्नात थोडा रेंगाळणार आहे.

आधी इतिहास. १९७६ साली लंडनजवळच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात इव्ह जॉनस्टन, टिमोथी क्रो आणि सहकाऱ्यांनी तेव्हा नव्याने आलेल्या सीटी स्कॅनने दीर्घकाळ आजारी असलेल्या १७ जणांचे मेंदू ८ निरोगी व्यक्तींच्या मेंदूंशी ताडून पाहिले आणि रुग्णांच्या पोकळ्या मोठ्या असल्याचे दाखवले. आजच्या मानाने ही संख्या हास्यास्पद वाटेल, पण हा आजार घरच्यांच्या, विशेषतः आईच्या, वागण्यातून उपजतो असे सर्रास बोलले जाण्याच्या काळात ते मोजमाप आले होते. कितीतरी आयांच्या डोक्यावरचा आळ उतरायला त्याने हातभार लावला, असे माझे मत आहे.

आता चाळीस वर्षे पुढे या. एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने अनेक देशांतील केंद्रांची चित्रे एकाच पद्धतीने मोजली. २०१६ च्या त्यांच्या निबंधात २०२८ रुग्ण आणि २५४० निरोगी व्यक्ती होत्या. मेंदूच्या आतल्या भागांपैकी सर्वांत ठळक फरक स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये सापडला, आणि तो प्रमाणित विचलनाच्या (माणसामाणसांत एरवीही असणाऱ्या चढउताराच्या मापाच्या) ०.४६ पट होता. २०१८ मध्ये त्यांनी मेंदूच्या सालीची जाडी ४४७४ रुग्णांमध्ये मोजली, तेव्हा फरक अर्ध्या विचलनाच्या आसपास भरला.

हे ०.४६ म्हणजे किती? दोन बागांतले मानकुराद आंबे समोर ठेवा. पहिल्या बागेतला आंबा सरासरीने जरा हलका आहे, पण दोन्ही बागांत लहान-मोठे सगळे आंबे आहेत. ०.४६ इतका फरक असेल तर दोन्ही ढिगांच्या वजनांचे आलेख सुमारे ८२ टक्के एकमेकांवर बसतात. प्रत्येक बागेतून डोळे मिटून एकेक आंबा उचलला, तर शंभरांपैकी साधारण ६३ वेळा पहिल्या बागेतला आंबा हलका निघेल आणि ३७ वेळा तोच जड निघेल. हजारो आंबे तोलणारा माणूस 'बागा वेगळ्या आहेत' असे खात्रीने सांगू शकतो, पण तुमच्या हातातला एक आंबा पाहून तो कोणत्या बागेचा ते त्याला सांगता येत नाही. तुमचा दादा हा एक आंबा आहे, आणि त्याचे चित्र दाट गर्दीच्या मधोमध पडले यात नवल काहीच नाही.

शिवाय बागही एक नसावी. २०१८ मध्येच थॉमस वोल्फर्स आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक रुग्णाचा मेंदू त्याच्या वयाला आणि लिंगाला अपेक्षित असलेल्या मापाशी ताडला. टोकाचे फरक सापडले, पण प्रत्येकात वेगळ्या जागी. मेंदूतील एकाच जागी असा टोकाचा फरक असलेले रुग्ण दोन टक्क्यांच्या आसपासच भरले. म्हणजे आपण ज्याला 'छिन्नमनस्क मेंदू' म्हणतो तो सरासरी काढल्यावरच अस्तित्वात येतो.

पारावरचा_शंकेखोर

मग हे सगळे महागडे फोटोच ठरतात. २००९ साली अमेरिकेत काही संशोधकांनी मेलेला सामन मासा एमआरआय यंत्रात ठेवून त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली', आणि नेहमीची एक संख्याशास्त्रीय काळजी मुद्दाम वगळल्यावर त्या मेलेल्या माशाच्या मेंदूतही 'हालचाल' सापडली. आमच्या बाजारातले इसवण यंत्रात घातले असते तर तेही विचार करताना दिसले असते! २०२० मध्ये एकच माहितीसंच ७० गटांना दिला, तर त्याच प्रश्नांवर त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळेनात. अशा शास्त्रावर विश्वास का ठेवावा?

मानकुराद_आणि_सरासरी

उदाहरणे दोन्ही खरी आहेत, पण ती मेंदूच्या हालचालीची चित्रे काढणाऱ्या एफएमआरआयविषयी आहेत, आकारमान मोजण्याविषयी नाहीत. शिवाय त्या माशाचा प्रयोग याच शास्त्रातल्या लोकांनी आपल्या सहकाऱ्यांचे कान उपटण्यासाठी केला होता. स्वतःची चूक चारचौघांत मांडणारे शास्त्र मला तरी जास्त विश्वासार्ह वाटते.

आकारमानाबाबत एक अभ्यास मला फार आवडतो. १९९० साली अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी एकसारख्या जुळ्यांच्या अशा १५ जोड्या घेतल्या, ज्यांत एकाला छिन्नमनस्कता होती आणि दुसऱ्याला नव्हती. कोण आजारी आहे हे न सांगता केवळ चित्रे दाखवली, तेव्हा १२ जोड्यांत मोठ्या पोकळ्यांवरून आजारी भावंड ओळखता आले. जनुके तीच, घर तेच, तरी फरक दिसला. एकेकटे पाहिले असते तर त्यांपैकी कित्येक चित्रांवर 'नॉर्मल' असाच शेरा पडला असता. अबोलीताई, दादाला जुळा भाऊ असता तर तुमच्या अहवालाला थोडा अर्थ आला असता.

सासष्टीचा_वैद्य

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. वरील चर्चेत दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट अशी की स्कॅन निरुपयोगी नाही, त्याचे काम वेगळे आहे. आजार पहिल्यांदाच उद्भवतो, त्यातही तो अचानक किंवा उतारवयात उद्भवतो, सोबत फिट येते, ताप असतो, शुद्ध हरपते किंवा डोकेदुखी असते, तेव्हा आम्ही स्कॅन अवश्य सांगतो. मेंदूतील गाठ, डुकराच्या पट्टकृमीची अंडी पोटात जाऊन मेंदूत होणाऱ्या पुटकुळ्या, किंवा २००७ मध्ये जोसेप दालमाऊ यांच्या गटाने उलगडलेला प्रतिकारशक्तीजन्य मेंदूदाह, यांपैकी काहीही छिन्नमनस्कतेचे सोंग घेऊ शकते. सोंग आजार घेतो, रुग्ण नाही, हे आपल्या आत्याबाईंना सांगावे. स्कॅन स्वच्छ आला की ही सोंगे बाजूला होतात, जरी मेंदूदाहासाठी रक्ताची किंवा पाठीच्या पाण्याची तपासणीही करावी लागते. निदान मात्र आजही रुग्णाशी बोलून, घरच्यांचे ऐकून आणि काही महिने पाहूनच होते. नऊ वर्षांनी, प्रकृती स्थिर असताना, स्कॅनची घाई नव्हती, हे दादांच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितले होते.

दुसरी गोष्ट पारावरच्या मित्रासाठी. मेंदूच्या प्रतिमांनी माझ्या रोजच्या चिठ्ठीवरचा आकडा बदलला आहे. त्यासाठी एमआरआय नव्हे, पेट स्कॅन वापरला गेला. शरीरात अत्यल्प किरणोत्सर्गी खूण सोडायची आणि ती मेंदूत कुठे जाऊन बसते ते पाहायचे, अशी ती पद्धत. खुणेसाठी वापरला जाणारा कार्बन-११ सुमारे वीस मिनिटांत निम्मा होतो, त्यामुळे तो बनवणारे सायक्लोट्रॉन शेजारीच लागते. या मार्गाने लार्स फार्डे यांनी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत औषधे डोपामिन या मेंदूतील निरोप्या रसायनाच्या डी-२ रिसेप्टरांपैकी (ते रसायन पेशीवर जिथे बसते त्या जागांपैकी) किती जागा अडवतात ते मोजायला सुरुवात केली. २००० साली टोरांटोत शितिज कपूर आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ जणांना हॅलोपेरिडॉल या जुन्या औषधाचे केवळ १ किंवा २.५ मिलीग्रॅम देऊन पाहिले. सुमारे ६५ टक्के जागा अडल्या की गुण येण्याची शक्यता वाढत होती आणि ७८ टक्क्यांपलीकडे गेले की अंग ताठणे, हात थरथरणे, बसवत नाही अशी तगमग होणे, हे त्रास वाढत होते. एके काळी याच औषधाचे वीस-वीस मिलीग्रॅम दिले जात. ज्यांनी त्या काळातले लाकडासारखे ताठ चालणारे, तोंडातून लाळ गळणारे रुग्ण पाहिले आहेत, त्यांना ६५ आणि ७८ या दोन आकड्यांमधल्या चिंचोळ्या जागेचे मोल कळेल.

पेटनेच हेही दाखवले की या आजारात सरासरीने मेंदूतील स्ट्रायटम या भागात डोपामिन बनवण्याची गती वाढलेली असते, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांत ती तशी वाढलेली आढळत नाही. त्यांच्यापैकी अनेकांना क्लोझापिन हे औषध लागू पडते, आणि ते डी-२ च्या जागा तुलनेने कमी अडवते. एकाच नावाखाली एकाहून अधिक आजार नांदत असावेत, या संशयाला यातून बळ मिळते.

तिसवाडीचे_बाबा

माझ्या मुलीला हा आजार आहे. डॉक्टरसाहेब, व्हॉट्सॲपवर सतत येते की या गोळ्यांनीच मेंदू आक्रसतो. हे साफ खोटे आहे असे आपण सांगितलेत तर माझी रात्रीची झोप परत येईल.

सासष्टीचा_वैद्य

बाबा, साफ खोटे आहे असे मी सांगणार नाही, कारण मग आपण माझ्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नये.

२०११ मध्ये आयोवातील नॅन्सी आन्ड्रियासन यांच्या गटाने २११ रुग्णांची सरासरी सात वर्षे वारंवार एमआरआय तपासणी केली. ज्यांना जास्त औषध मिळाले त्यांच्यात मेंदूची घट थोडी जास्त दिसली. त्याआधी २००५ मध्ये माकडांना सतरा ते सत्तावीस महिने औषध दिल्यावर मेंदूचे वजन सुमारे ८ ते ११ टक्के कमी भरले होते. तेव्हा काही वाटा औषधाचा असू शकतो. पण ज्यांनी औषधाची एक गोळीही घेतलेली नाही अशा रुग्णांतही फरक सापडतात. १९७६ च्या किती तरी आधी, ही औषधे जन्मालाही आली नव्हती त्या काळात, मेंदूत हवा भरून काढलेल्या क्ष-किरण चित्रांत मोठ्या पोकळ्या नोंदल्या गेल्या होत्या. ज्याचा आजार तीव्र त्याला औषध जास्त, हा गुंताही पुरता सुटत नाही.

आता दुसरे पारडे पाहा. फिनलंडमध्ये ६२,२५० रुग्णांची वीस वर्षांपर्यंतची नोंद तपासली, तेव्हा औषध चालू असतानाच्या काळात मृत्यूचे प्रमाण औषध बंद असतानाच्या काळापेक्षा कमी होते. मी यातून एवढेच घेतो की मात्रा लागेल तितकीच असावी आणि ती दर भेटीत पुन्हा तपासावी. आपण पुढच्या भेटीत मुलीच्या डॉक्टरांना 'ही मात्रा कमी करता येईल का' असे अवश्य विचारा, पण घरी बसून गोळी अर्धी करू नका.

तिसवाडीचे_बाबा

उत्तर कडू आहे, पण पुढच्या सोमवारी हाच प्रश्न घेऊन जातो. आभारी आहे.

आल्तिनोची_पायरी

थोडे अवांतर, पण विषयाला धरून. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे आणि येणारे-जाणारे त्याला जादूगार समजतात. कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने पॅरिसमध्ये, संमोहन हे चुंबकासारख्या कुठल्या द्रवाने होते ही तेव्हाची समजूत खोडून, ते समोरच्याच्या मनात घडते असे मांडले. दोनशे वर्षांनी त्यांच्याच गावचे लोक खऱ्या चुंबकाकडून मनाचा दाखला मागायला रांगेत उभे आहेत, हे पाहून त्यांना काय वाटले असते कोण जाणे.

एक गोव्याचा अभ्यासही नोंदवतो. २०१४ मध्ये लॅन्सेटमध्ये कोप्सी नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. ती गोवा, सातारा आणि तमिळनाडूत २८२ रुग्णांवर झाली होती. काहींना नेहमीचे रुग्णालयीन उपचार मिळाले, तर काहींना त्याशिवाय प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते घरी भेटत राहिले. वर्षभरानंतर घरभेटी मिळालेल्यांची लक्षणे आणि परावलंबित्व थोडे अधिक कमी झाले होते. फरक मोठा नव्हता, पण तो दाखवायला कोणाचेही डोके यंत्रात घालावे लागले नाही. पत्रकावर पैसे खर्च करणाऱ्यांनी हेही पाहावे.

चुंबकाच्या_खोलीत

हे मान्य, पण माझे यंत्र इतकेही बिनकामाचे नाही. अबोलीताई, दादा जे म्हणाला की 'आत ते बोलत नव्हते', त्याचा मागही संशोधकांनी घेतला आहे. रुग्णाच्या हातात बटण देतात, आवाज सुरू झाला की दाबायला आणि थांबला की सोडायला सांगतात, आणि त्या क्षणी मेंदूत कुठे रक्तपुरवठा वाढतो ते पाहतात. स्वतःच्या बोलण्याशी आणि बाहेरचे बोलणे ऐकण्याशी संबंधित भाग त्या वेळी काम करताना आढळले आहेत. म्हणजे ऐकणाऱ्यासाठी तो अनुभव ऐकण्याचाच असतो. आत्याबाईंना सोंगाविषयी काही सांगायचे असेल तर हे सांगा.

अबोलीची_वेणी

सर्वांचे मनापासून आभार. दोन दिवसांत इतके वाचायला मिळेल असे वाटले नव्हते.

काल रात्री मी आंब्यांचा परिच्छेद दादाला वाचून दाखवला. त्याने हिशेबाच्या वहीमागे ६३ आणि ३७ लिहून बेरीज करून पाहिली आणि "म्हणजे कागद माझा नाही, बागेचा," असे म्हणाला. गोळी त्याने डॉक्टरांशी फोनवर बोलल्यानंतर त्याच आठवड्यात पुन्हा सुरू केली होती. आत्याला मी बटणाचा प्रयोग सांगितला. ती काही बोलली नाही, पण जेवताना तिने दादाला हुमणातला (माशाच्या आमटीतला) मोठा तुकडा वाढला. आमच्या घरी माफी अशीच मागतात.

दादाने एक प्रश्न विचारायला सांगितला आहे. अशा अभ्यासात तो बटण दाबायला तयार आहे, पण स्वतःच्या मेंदूचे चित्र घरी न्यायला मिळते का?

चुंबकाच्या_खोलीत

प्रत्येक अभ्यासाचा नियम वेगळा असतो, म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारायचे आणि मिळणार असेल तर तसे लिहून घ्यायचे. सहभाग ऐच्छिक असतो आणि मधेच थांबता येते, हेही दादाला सांगा. ताईत मात्र तेव्हाही तुमच्याच मनगटावर राहील.